हवेचा भाव : खेळाडूंची कार्डे, खोट्या बोल्या आणि मोशीचा लिलाव

१/
पुणे–नाशिक महामार्गावर, इंद्रायणीच्या काठी वसलेल्या मोशीचे ग्रामदैवत म्हणजे नागेश्वर महाराज. महाराजांच्या उत्सवात मानाच्या वस्तूंचा लिलाव होतो. ओटीसारख्या वस्तूला लाखांची बोली लागल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. दुकानात ज्या वस्तूला फार तर काही शे रुपये पडतील, तिला एवढे मोल कसे येते? या साध्या प्रश्नाचा धागा धरून आज सव्वाशे वर्षांचा एक इतिहास पाहू. विषय आहे खेळाडूंची कार्डे आणि त्यांचा भाव चढावा म्हणून मुद्दाम केली जाणारी ‘हवा’.

२/
मोशीच्या लिलावाची तीन लक्षणे आधी नोंदवून ठेवू. बोली लावणारा गावासमोर उभा असतो. तो कोण, हे सर्वांना दिसते. पैसा देवाच्या कार्याला जातो, हेही सर्वांना ठाऊक असते. आणि ‘ही ओटी आज घ्या, पुढल्या वर्षी दुप्पट भावाने विका’ असे तिथे कोणी सांगत नाही. घेणारा मान घेतो आणि त्याची किंमत उघडपणे मोजतो. पुढे ज्या बाजाराची हकिकत सांगायची आहे, तिथे ही तिन्ही लक्षणे एकेक करून नाहीशी होत गेली.

३/
खेळाडूंच्या कार्डांचा जन्म सिगारेटच्या पाकिटात झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाकीट चेमटू नये म्हणून आत जाड कागदाचा तुकडा घालीत. त्यावर चित्र छापले तर गिऱ्हाईक पुन्हा तेच पाकीट घेते, हे कंपन्यांच्या ध्यानात आले. इंग्लंडमधील अशा चित्रांत पुढे नवानगरचे जामसाहेब झालेले रणजितसिंहजीही होते. कार्ड फुकट होते; पण पन्नासांच्या संचातील एकोणपन्नास जमले की उरलेल्या एकासाठी जीव कासावीस होई. भाव कागदाला नव्हता, त्या अपुरेपणाला होता.

४/
१९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने बेसबॉलपटूंचा एक मोठा संच काढला. संग्राहक त्याला ‘टी-२०६’ म्हणतात. त्यात पिट्सबर्गचा विख्यात खेळाडू होनस वॅग्नर याचे कार्ड होते. ते अल्पावधीतच छापणे थांबले. तंबाखूशी आपले नाव जोडले जाऊ नये, मुलांनी चित्रासाठी सिगारेट घेऊ नये, अशी त्याची इच्छा होती असे काही सांगतात. मोबदल्यावरून बिनसले असे काही म्हणतात. कारण कोणतेही असो, आज त्याच्या साधारण पन्नास-साठ प्रतीच ज्ञात आहेत.

५/
इथे एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. वॅग्नरपेक्षा दुर्मीळ कार्डे पुष्कळ आहेत. त्यांना एवढा भाव नाही. वॅग्नरच्या कार्डामागे सांगण्याजोगी कथा आहे : तत्त्वनिष्ठ खेळाडू, मागे घेतलेले चित्र, हरवलेल्या प्रती. दुर्मीळता आणि कथा एकत्र आल्या की वस्तूला वलय लाभते. संग्राहक जेफरसन बर्डिक याने १९३० च्या दशकात आपल्या सूचीत या कार्डाची किंमत ५० डॉलर धरली होती. त्या काळी कागदाच्या तुकड्यासाठी तोही आकडा थक्क करणारा होता.

६/
या कार्डाची एक विशेष स्वच्छ, कोऱ्या कडांची प्रत १९८५ मध्ये बिल मॅस्ट्रो या व्यापाऱ्याने २५,००० डॉलरला घेतली. १९८७ मध्ये त्याने ती १,१०,००० डॉलरला विकली. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या सदबीज लिलावात आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झकी आणि त्याचा भागीदार ब्रूस मॅकनॉल यांनी ४,५१,००० डॉलर मोजले. जगभरच्या वृत्तपत्रांनी तो आकडा छापला. त्या दिवसापासून घरोघरी माळ्यावरचे डबे उघडले जाऊ लागले. एका सौद्याची बातमी हीच पुढच्या हजार सौद्यांची जाहिरात ठरली.

७/
त्याच सुमारास कार्डांची ‘प्रतवारी’ करणाऱ्या संस्था उदयास आल्या. कार्ड तपासायचे, एक ते दहा गुण द्यायचे आणि ते पारदर्शक डबीत कायमचे बंद करायचे. पीएसए या संस्थेने प्रमाणित केलेले पहिले कार्ड म्हणजे ग्रेट्झकीचा हाच वॅग्नर. त्याला आठ गुण मिळाले. इतक्या जुन्या कार्डाला आठ गुण ही अपूर्व गोष्ट होती. ते कार्ड प्रतवारीमुळे मोठे झाले आणि त्या कार्डामुळे प्रतवारीचे नाव झाले. दोघांनी एकमेकांचा भाव वाढवला.

८/
आणि मग २०१३ साल उजाडले. तोवर बिल मॅस्ट्रो अमेरिकेतील क्रीडासंग्रहाच्या लिलावांतील सर्वांत मोठे नाव झाले होते. त्याने शिकागोच्या संघराज्य न्यायालयात गुन्हा कबूल केला. त्याच्या लिलावगृहात खोट्या बोल्या लावल्या जात होत्या. शिवाय त्या प्रसिद्ध वॅग्नर कार्डाच्या कडा आपणच कापून सारख्या केल्या होत्या आणि विकताना ते लपवले होते, हेही त्याने मान्य केले. २०१५ मध्ये त्याला वीस महिन्यांची शिक्षा झाली. ज्या कोऱ्या कडांवर जग भाळले होते, त्या कात्रीने घडल्या होत्या.

९/
खोटी बोली म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ. समजा, एका कार्डासाठी खरे गिऱ्हाईक एकच आहे आणि कोणी स्पर्धा न केल्यास ते हजार रुपयांत मिळेल. विकणाऱ्याचा माणूस अनोळखी बनून बाराशे म्हणतो. गिऱ्हाईक पंधराशे म्हणते. तो अठराशे म्हणतो. शेवटी गिऱ्हाईक दोन हजारांना ‘जिंकते’. हानी एवढ्यावर थांबत नाही. दोन हजार हा आकडा नोंदला जातो आणि उद्या तशाच कार्डाचा ‘बाजारभाव’ म्हणून दाखवला जातो. एका लबाडीचा दाखला पुढच्या प्रामाणिक माणसालाही फसवतो.

१०/
भाव दिसू न देण्याची कला आपल्या मातीलाही अपरिचित नाही. धान्याच्या आणि जनावरांच्या बाजारांत ‘हत्ता’ पद्धत होती. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली किंवा उपरण्याखाली हात घालीत, एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत. माल पिकवणारा शेतकरी शेजारीच उभा असे. पण कोणी किती बोली दिली, हे त्याला कळत नसे. कार्डांच्या बाजारात खोटी बोली मोठ्याने उच्चारली जाते, हत्त्यात खरी बोली झाकली जाते. परिणाम मात्र एकच : ज्याचे पैसे पणाला लागले आहेत, त्यालाच खरी मागणी कळत नाही.

११/
याविरुद्धचा लढा फार जुना आहे आणि त्याचा आरंभ मराठी मुलखात झाला. १८९७ मध्ये वऱ्हाडात कापूस व धान्याच्या बाजारांसाठी कायदा झाला. १९२७ मध्ये मुंबई प्रांतात कापूस बाजारांचा कायदा आला. १९२८ मध्ये शेतीविषयक रॉयल कमिशनने नियंत्रित बाजारांची शिफारस केली. १९३९ चा मुंबई प्रांताचा आणि पुढे १९६३ चा महाराष्ट्राचा कृषी उत्पन्न पणन कायदा त्याच वाटेवरचे. बोली उघड असावी, वजनकाटा तपासलेला असावा, अडत ठरलेली असावी, ही त्यामागची दृष्टी.

१२/
आज चाकणच्या बाजारात कांद्याचा लिलाव पुकारला जातो किंवा मोशीच्या उपबाजारात पहाटे भाजी उतरते, तेव्हा त्या उघडेपणामागे पिढ्यांचा अनुभव उभा असतो. व्यवस्था निर्दोष आहे असे कोणी शेतकरी म्हणणार नाही. तरीही बोली सर्वांदेखत व्हावी, एवढे तत्त्व तिथे मान्य झालेले आहे. शिवाय कांद्याला आणखी एक आधार असतो : भाव कोसळला तरी तो खाता येतो. कार्ड खाता येत नाही. त्याच्या पाठीशी दुसऱ्या कोणाच्या तरी इच्छेखेरीज काहीच नसते. म्हणूनच ती इच्छा खरी की बनावट, हा तिथला कळीचा प्रश्न.

१३/
खरी दुर्मीळता पुष्कळदा अपघाताने घडते. टॉप्स कंपनीची १९५२ ची बेसबॉल कार्डे पूर्ण खपली नाहीत. कंपनीचे साय बर्गर यांनी सांगितलेल्या आठवणीनुसार १९६० मध्ये उरलेला साठा बोटीत भरून अटलांटिक समुद्रात टाकण्यात आला. त्याच संचातील मिकी मँटल याचे एक उत्तम राखलेले कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १०० कोटी रुपयांना विकले गेले. ज्यांनी तो माल समुद्रात लोटला, त्यांच्या लेखी ती अडगळ होती.

१४/
अपघात मुद्दाम घडवायला गेले की काय होते, तेही अमेरिकेने पाहिले. सांख्यिकीचे अभ्यासक जेम्स बेकेट यांचे कार्डांचे भाव सांगणारे मासिक १९८४ मध्ये सुरू झाले. मुले शेअर बाजाराप्रमाणे कार्डांचे चढउतार वाचू लागली. ‘ही कार्डे पुढे शिक्षणाचा खर्च भागवतील’ अशा आशेने लोकांनी खोकीच्या खोकी घेऊन ठेवली. कंपन्यांनीही अमाप छपाई केली. प्रत्येकाने जपून ठेवल्यामुळे काहीच दुर्मीळ उरले नाही. १९९० च्या दशकात तो डोलारा कोसळला. त्या काळाला संग्राहक आजही ‘रद्दीचा काळ’ म्हणून ओळखतात.

१५/
आपल्याकडे हा छंद निराळ्या वाटेने आला. १९८७ च्या विश्वचषकाच्या सुमारास ‘बिग फन’ बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रे मिळत. त्यांवरच्या धावा आणि बळी जमवून बक्षीस घेण्याची ओढ त्या पिढीला आठवत असेल. पुढे ट्रम्प कार्डे आली. अदलाबदल शाळेच्या पायरीवर होई. एका गावसकरच्या बदल्यात दोन परदेशी खेळाडू द्यावेत की तीन, हा भाव दोन मुले समोरासमोर बसून ठरवीत. तिथेही चढाओढ होती, फुशारकी होती. पण घासाघीस करणारे दोघेही एकमेकांना ओळखत. भाव उतरला तर पगार बुडत नसे.

१६/
२०२० मध्ये पत्त्याचा कागदच नाहीसा झाला. अमेरिकेत डॅपर लॅब्ज या कंपनीच्या ‘एनबीए टॉप शॉट’वर बास्केटबॉलच्या काही सेकंदांच्या चित्रफिती अनुक्रमांक घालून विकल्या जाऊ लागल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये लेब्रॉन जेम्सच्या एका फितीला २,०८,००० डॉलर आले. ती फीत कोणालाही फुकट पाहता येत होती. विकली जात होती ती एका संगणकीय नोंदवहीतील मालकीची नोंद. तिला ‘एनएफटी’ म्हणतात. १९९१ च्या वॅग्नरप्रमाणेच इथेही तो एक आकडा जगभर फिरला आणि त्यानेच पुढची गर्दी खेचून आणली.

१७/
लाट क्रिकेटपर्यंत येणारच होती. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या परवान्याने ‘फॅनक्रेझ’ने ‘क्रिक्टोज’ काढले. मार्च २०२२ मध्ये या कंपनीत १० कोटी डॉलरची गुंतवणूक झाली. पुढच्याच महिन्यात ‘रारिओ’ या क्रिकेट कार्डांच्या कंपनीला १२ कोटी डॉलर मिळाले. त्यात पुढाकार होता मुंबईच्या ड्रीम स्पोर्ट्स समूहाच्या ड्रीम कॅपिटलचा. सिगारेटच्या पाकिटात जन्मलेला छंद दीडशे वर्षांनी मोबाइलमध्ये शिरला. पहिल्या पाळीला निघालेला चाकणचा कामगार बसमध्ये उभ्या उभ्या हे कार्ड घेऊ शकत होता.

१८/
डिजिटल कार्डात दुर्मीळता अपघाताने येत नाही. किती प्रती काढायच्या, हे काढणाराच ठरवतो. त्यामुळे हवेचे महत्त्व आणखी वाढते. तिची साधने मात्र जुनीच. पहिले, विक्रमी सौद्याची बातमी. दुसरे, ‘मोजक्याच प्रती, मोजकाच वेळ’ ही घाई. तिसरे, लाडक्या खेळाडूचा चेहरा. चौथे, आपल्याजवळचा माल विकण्यापूर्वी त्याचे गुण गाणारे आवाज. स्तुती करणाऱ्याने आपल्याकडे त्या वस्तूचा साठा आहे हे सांगितले, तर ते मत ठरते. लपवले, तर ती रुमालाखालची बोटे ठरतात.

१९/
हवेची भाषा न्यायालयानेही वाचली आहे. टॉप शॉटच्या खरेदीदारांनी डॅपर लॅब्जवर दावा केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयाने तो प्राथमिक टप्प्यावर फेटाळण्यास नकार दिला. कंपनीच्या संदेशांत ‘नफा’ हा शब्द नव्हता. अग्निबाण, शेअर बाजाराचा आलेख आणि पैशाच्या पिशव्या अशी चित्रचिन्हे होती. त्या चिन्हांचा वस्तुनिष्ठ अर्थ एकच, गुंतवणुकीवरील परतावा, असे न्यायाधीशांनी नोंदवले. २०२४ मध्ये कंपनीने ४० लाख डॉलरची तडजोड केली.

२०/
भारतातील खटल्याचा रोख वेगळा होता. रारिओ आणि तिच्याशी करार केलेल्या काही क्रिकेटपटूंनी ‘स्ट्रायकर’ या प्रतिस्पर्धी खेळाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. आमच्या परवान्याविना खेळाडूंची कार्डे तुम्ही कशी विकता, असा त्यांचा आक्षेप. २६ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयाने अंतरिम मनाई नाकारली. खेळाडूंची नावे आणि कामगिरीची आकडेवारी सार्वजनिक असून ती अशा खेळात वापरता येते, असे मत नोंदवले. यातून खरेदीदारालाही एक बोध मिळतो : ‘अधिकृत’ हा शब्द वाटतो तितका भक्कम कोट नाही. त्याच खेळाडूचे दुसरे कार्ड शेजारच्या दुकानात निघू शकते.

२१/
शासनाने दखल घेतली ती करातून. १ एप्रिल २०२२ पासून अशा आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर लागू झाला. एका व्यवहारातील तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता करण्याची सोय नाही. १ जुलैपासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का करकपात आली. मुंबईच्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने त्याच एप्रिलपासून जाहिरातींत स्पष्ट इशारा सक्तीचा केला : ही उत्पादने अनियंत्रित आहेत, अत्यंत जोखमीची असू शकतात आणि नुकसान झाल्यास दाद मागण्याची सोय नसू शकते. पैसे घेऊन केलेली शिफारस तशी सांगावी, हा तिचा नियम २०२१ पासूनच होता.

२२/
तरीही उघड लिलावाचे जे तत्त्व कांद्याला मिळाले, ते छंदाच्या बाजाराला अद्याप पुरते मिळालेले नाही. म्हणून खरेदीपूर्वी चार प्रश्न स्वतःलाच विचारावेत. हा भाव सांगणारा कोण, आणि त्याच्याजवळ हाच माल आहे का? दाखवलेल्या सौद्यात घेणारा खरोखर वेगळा माणूस होता का? आणखी प्रती काढण्याचा अधिकार कोणाकडे आहे? आणि शेवटचा : हे कार्ड उद्या कोणीच घेतले नाही, तरी ते माझ्याजवळ असण्याचा मला आनंद वाटेल का?

२३/
शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर जरूर घ्यावे. संग्रह हा दोष नव्हे. पुण्याचे ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ हे क्रिकेट संग्रहालय अशाच वेडातून उभे राहिले आहे. तिथल्या बॅटींसमोर उभा राहणारा माणूस भाव विचारायला येत नाही, आठवणी जागवायला येतो. आवडीपोटी दिलेला पैसा बुडत नाही, कारण त्याचे मोल घेतानाच वसूल झालेले असते. बुडतो तो दुसऱ्याच्या आवाजावर विसंबून, तिसऱ्याला विकण्यासाठी लावलेला पैसा.

२४/
आता पुन्हा नागेश्वर महाराजांच्या लिलावाकडे येऊ. लाखांची बोली लावून ओटी घरी नेणारा माणूस फसला असे गाव म्हणत नाही, कारण त्याने काय घेतले हे त्यालाही ठाऊक असते आणि गावालाही. वस्तूपेक्षा किंमत मोठी असणे ही फसवणूक नव्हे. ती किंमत कोणी, कशासाठी आणि कोणासमोर उच्चारली हे झाकणे, ही फसवणूक. बोली चढत असताना बोली लावणाऱ्याचा चेहरा दिसतो का, एवढे आधी पाहावे. तो दिसत नसेल, तर हात खिशातच राहू द्यावा.

२५/
धागा इथे संपतो. आपल्या घरी बबलगमची चित्रे, काड्यापेटीचे छाप किंवा जुनी कार्डे जपलेला एखादा डबा असेल, तर त्याची आठवण जरूर लिहा. किंमत लिहिली नाही तरी चालेल.